वीस किलोंत काय बसतं

वीस किलो म्हणजे नेमकं किती, हे स्वतःची बॅग काट्याला लटकवल्याशिवाय कुणालाच कळत नाही. मी गणिताची शिक्षिका. किलो-ग्रॅमची उदाहरणं आयुष्यभर मुलांकडून सोडवून घेतली, पण मलाही ते कळलं आटगावच्या एका गवताच्या वखारीत. आटगाव माझं माहेर. तिथल्या वखारीत गवताच्या गाठी तोलायचा मोठा काटा होता. भावाने माझी नवी कोरी बॅग त्याच्या आकड्याला अडकवली. वखारवाल्याने चष्मा पुसून काटा पाहिला आणि म्हणाला, "बाई, एकतीस भरले. मालदीवला शिकवाया चाललाव का घर उचलून न्याला?"

तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमच्या शहापूर-मुरबाडकडे विनाअनुदानित शाळांचं पीक आलेलं. बी.एड. झालेली पोरं-पोरी तिथे शिकवायची आणि पगार कधी होईल ते संस्थाचालकांनाही ठाऊक नसायचं. अशात पेपरात जाहिरात यायची : मालदीवला शिक्षक पाहिजेत, गणित, विज्ञान, इंग्रजी. मुलाखत व्हायची, करार व्हायचा, पगार डॉलरमध्ये. जानेवारीत तिथलं शाळेचं वर्ष सुरू व्हायचं, म्हणून इकडे भाताची झोडणी उरकली की माणसं निघायची. विमानात चढवायला एक बॅग, वीस किलोंची. खांद्याला एक पिशवी. या दोहोंत पुढचं अख्खं वर्ष बसवायचं.

मी आठ वर्षं तिकडे काढली. परत येऊन शहापूरच्या शाळेत निवृत्तीपर्यंत शिकवलं. पण या दोन तालुक्यांत माझी ओळख गणिताच्या बाई अशी कमी आणि बॅग लावून देणाऱ्या बाई अशी जास्त. आपल्याकडून कुणी शिकवायला परदेशी निघालं की आधी माझ्या दारात यायचं. फी काही नाही, फक्त माझं ऐकायचं ही अट. या अंकाच्या संपादकांनी मला या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेतच, त्या लिहिते. पण ही विद्या मी शिकले तेव्हा घरी पाच वर्षांची मुलगी ठेवून गेले होते, आणि ती मला पुरती कधी परत मिळाली नाही. ते वगळून नुसत्या गमती लिहिल्या तर ते खोटं होईल.

बॅग लावणं म्हणजे मुख्यतः बाहेर काढणं. काय न्यायचं हे कुणीही सांगेल. काय न्यायचं नाही हे घरच्यांच्या देखत सांगणं कठीण. आपल्याकडे माणूस दूर निघाला की भावकीतल्या प्रत्येक घरातून काहीतरी येतं. कुणी कडवे वाल, कुणी तांदळाचे पापड, कुणी लाल मसाला, कुणी कैरीचं लोणचं. नाही म्हटलं तर ते घर वर्षभर बोलत नाही. सगळं न्यायचं म्हटलं तर विमान वेगळं करावं लागेल. मुरबाडची वंदना नावाची माझी एक विद्यार्थिनी इंग्रजीची शिक्षिका होऊन तिकडे निघाली, तेव्हा तिच्या ओटीवर नुसत्या मसाल्याच्याच पुड्यांची रांग लागली होती. सगळ्या बाया आपापली पुडी जाते की नाही ते बघायला बसलेल्या.

मी एक मोठी बरणी मागवली. प्रत्येक पुडीतून एक-एक चमचा मसाला घेऊन त्या बरणीत टाकला, ज्या घरचा त्या घराचं नाव मोठ्याने घेऊन. बरणी भरली, मी झाकण लावलं आणि सांगितलं, "सगळी आळी चालली हिच्यासंगती." एक म्हातारी म्हणाली, "माझा तिखट हाय, बाकीच्यांचा मारून टाकील." पण कुणी रागावलं नाही. पुढे वंदनाने कळवलं की त्या मसाल्याला अशी काही चव होती की ती तिला परत कुठेच मिळाली नाही. तेव्हापासून मी सगळीकडे हीच पद्धत लावली.

माशांच्या देशात सुकट आणि बोंबील नेणारे तर इतके भेटले की मी हसणं सोडून दिलं. तिथे सकाळ-संध्याकाळ मासा, भाजी मात्र औषधालाही नाही. म्हणून मेथी वाळवून न्या, गवार वाळवून न्या, सुकट ठेवा इथेच, असं मी घसा कोरडा करून सांगायची. आणि निघायच्या दिवशी आई हळूच एका कोपऱ्यात सुकट कोंबायचीच. तिला वाटायचं, तिकडच्या माशाला काय चव असणार!

आयांनी कोंबलेल्या वस्तूंत सगळ्यात मोठी वस्तू सापडली ती खर्डीच्या कृष्णाच्या बॅगेत. कृष्णा खर्डीपासून आत डोंगराकडच्या पाड्यावरचा, त्यांच्यातला पहिला विज्ञानाचा पदवीधर. तिकडे देवाच्या मूर्ती नेता येत नाहीत, तसा तिथला कायदा आहे. हे मी त्याच्या आईला समोर बसवून सांगितलं होतं. तिने मान डोलावली. आणि घरच्या देवाचा चांदीचा टाक नाचणीच्या पिठात पुरून पिशवी शिवून टाकली. पोरगा एकटा राहील कसा, देव संगती पाहिजे, हा तिचा हिशोब. तिकडच्या विमानतळावर यंत्राने पिठातला देव दाखवला. तिथल्या माणसांनी तो ताब्यात घेऊन कृष्णाला पावती दिली आणि परत जाताना घेऊन जा म्हणून सांगितलं. दोन वर्षं देव तिकडे कपाटात. इकडे पाड्यावर कुणाची शेळी मेली तरी लोक त्याच्या आईला विचारायचे, "देवाला कुठं ठेवून आलास गो?" ती माझ्याकडे येऊन बसायची. "बाई, तुमी सांगितला व्हतात. पर माझा जीव नाय ऱ्हायला." कृष्णा सुट्टीवर आला तेव्हा पहिल्यांदा खिशातून टाक काढला, मग आईच्या पाया पडला.

बॅगेइतकंच महत्त्वाचं बजेट. ते मी तीन वाट्यांत शिकवायची. एक वाटा तिथे जगायला, एक घरी पाठवायला आणि एक कुणालाही न सांगता ठेवायचा. तो परतीचा. मधेच निघावं लागलं तर तिकीट आपल्या खिशातून, करारात ते बसत नाही. हा तिसरा वाटा घरच्यांना कळला की संपला. घरावर पत्रे टाकायचे असतात, विहीर खणायची असते, चुलत्याच्या मुलीचं लग्न असतं. सगळी कामं खरी असतात, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. माझा परतीचा वाटा असाच सासरच्या घराच्या पत्र्यांत गेला, मग विहिरीत, मग बैलजोडीत. दोन वर्षांसाठी गेलेली मी आठ वर्षं राहिले. मी दुसऱ्यांना शिकवलेलं बजेट माझं स्वतःचं कधीच जमलं नाही.

आता माझं सांगते. माझं सासर वैशाखरे, माळशेजच्या रस्त्यावरचं. नवरा काविळीने गेला तेव्हा मनीषा तीन वर्षांची होती. घरात थोरले दीर आणि सीतावयनी, माझी मोठी जाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं. थोडी भातशेती, आणि माझा न होणारा पगार. जाहिरात आली तेव्हा दिरांनी तोंड फिरवलं. सीतावयनीच म्हणाल्या, "जा तू. पोरीला मी बघतंय. दोन वरसां काय, अशी जातील." मनीषाला कडेवर घेऊन त्या रस्त्यापर्यंत आल्या. मला गाडीत बसवलं आणि मी मागे वळायच्या आत पाठ फिरवून चालू लागल्या, पोरगी रडू नये म्हणून. मनीषा रडली नाही. तिला वाटलं मी मुरबाडला चाललेय.

तिकडचं वाईट काही सांगायचं नाही मला. माणसं फार प्रेमळ. अंगणात पांढरी वाळू, सगळीकडे समुद्र. एका टोकाकडून चालायला लागलं की बोलता बोलता दुसरं टोक यायचं. मुलं गणितात हुशार. पण बेटावर फोन एक, बेटाच्या ऑफिसात. इकडे फोन शेजारच्या टोकावडे गावातल्या बूथवर. तो लागायचा तेव्हा सीतावयनी मनीषाला घेऊन तिथवर आलेल्या असायच्या. मी विचारायची, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हां." मी विचारायची, "शाळेत जातेस का?" ती म्हणायची, "हां." फोनचे पैसे मोजलेले असायचे आणि पोरीला तर फोनवर बोलायची सवयच नव्हती. पुढच्या खेपेला काय बोलायचं ते मी कागदावर लिहून ठेवायची आणि फोनवर पुन्हा तेच विचारायची.

तिच्यासाठी कपडे घ्यायचे तर माप कुठलं? पहिल्या वर्षी वयावरून अंदाजाने फ्रॉक घेतले, ते दंडात अडकले. सीतावयनींना लिहिता येत नव्हतं. मग त्यांनी मनीषाला भिंतीशी उभी करून सुतळीने मापायला सुरुवात केली. उंचीला एक गाठ, छातीला एक गाठ, हाताच्या लांबीला एक. दिरांच्या पत्रातून ती सुतळी माझ्याकडे यायची. मी ती खोलीतल्या खिळ्याला अडकवून सोडायची. दर खेपेची सुतळी आधीच्यापेक्षा लांब. पत्र यायला महिना, मला सुट्टी मिळायला आणखी सात-आठ महिने. तोवर पोरगी त्या सुतळीच्याही पुढे गेलेली असायची. मी एक बोट जास्त धरून कपडे घ्यायची, तरी आखूड व्हायचे. सीतावयनी रागवायच्या नाहीत. उसवून, दुमड सोडून, खाली पट्टी जोडून ते तिच्या अंगाला बसवायच्या.

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा अंगणात गाव जमलं होतं. माझे जुने विद्यार्थी "बाई आल्या, बाई आल्या" म्हणून ओरडत होते. मनीषा सीतावयनींच्या लुगड्यामागून बघत होती. मी हात पसरले. ती त्यांना म्हणाली, "आई, बाई आल्या बघ."

सीतावयनींनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "आई म्हण गो तिला. तुजी आई हाय ती. मी मोठी आई." मनीषाने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाईच म्हणाली. सगळं गाव मला बाई म्हणतं, पोरीने तेच उचललं, असं मी स्वतःला समजावलं. सीतावयनी प्रत्येक सुट्टीत तिला शिकवत राहिल्या. मग मीच एकदा म्हटलं, "राहू द्या वयनी. मारू नका तिला."

कायमची परत आले तेव्हा मनीषा तेरा वर्षांची होती. शहापूरला शाळेत नोकरी धरली, खोली घेतली, टेबल घेतलं, तिच्यासाठी खाट घेतली. सीतावयनींनी तिचे कपडे बांधून दिले. मनीषा शहापूरला आली, शाळेत जाऊ लागली. मला कधी उलटून बोलली नाही. फक्त जेवायची नाही. दोन घास खाऊन ताटावरून उठायची. मी विचारलं, काय हवं करून देऊ? ती म्हणाली, "काय नको बाई, छान झालंय."

एका शनिवारी शाळा सुटली तरी ती घरी आली नाही. मी स्टँडवर गेले, मैत्रिणींकडे गेले, जीव थाऱ्यावर राहिला नाही. संध्याकाळी शेजारच्या फोनवर निरोप आला : पोरगी किन्हवली, सरळगाव करत गाड्या बदलत एकटी वैशाखऱ्याला पोचली आहे. मी तशीच निघाले. पोचले तेव्हा ती चुलीसमोर बसून भाकरी आणि वालाचं बिरडं खात होती. घास मोठे, भराभर. सीतावयनी उभ्याच. मला बघून म्हणाल्या, "मी नाय बोलावला गो तिला. देवाशपथ नाय बोलावला."

मला माहीत होतं. मी तिच्या शेजारी बसले आणि ती जेवेपर्यंत बघत राहिले. माझ्या घरात ती कधी असं जेवली नव्हती. सोमवारी मी एकटीच शहापूरला परतले. तिचं नाव टोकावड्याच्या शाळेत घातलं. शनिवार-रविवार मी वैशाखऱ्याला जायची, पाहुणीसारखी. लोक म्हणत, बाईंनी पोरीसाठी किती केलं. ऐकून मला लाज वाटायची. पत्रे होते, विहीर होती, पोरीचं पुढचं शिक्षण होतं. सगळं मी केलेलं. पण पोरगी दुसरीने वाढवली होती, आणि चांगली वाढवली होती, म्हणून तर भांडायलाही जागा नव्हती.

मनीषा शिकली, बी.एड. झाली. आणि एके दिवशी मला म्हणाली, "बाई, मी पण जाते मालदीवला. तुमी बॅग लावून द्याल ना?" इतक्या जणांनी मला हे विचारलं होतं. पण त्या दिवशी मला असा आनंद झाला की काय सांगू. माझ्या हातात तिला देण्यासारखं एवढंच एक होतं आणि ते तिने आपणहून मागितलं होतं. मी शहापूर, कल्याण पालथं घातलं. छोटा कुकर घेतला, दोन सुती चादरी, तिथल्या विजेच्या बोर्डात बसणारी पिन, खाऱ्या वाऱ्यात न गंजणारी छत्री, तापाची-पोटाची औषधं, वाळवलेली मेथी. सगळं तोलून वैशाखऱ्याला घेऊन गेले. बघते तर ओटीवर सीतावयनींचं सामान आधीच मांडलेलं. वाल, सुकट, मसाला, लोणचं, पापड. आणि त्यांनी हाताने शिवलेली एक जाड गोधडी.

विषुववृत्ताजवळच्या बेटावर गोधडी! दुसऱ्या कुणाची असती तर मी पहिल्यांदा तीच बाहेर ठेवली असती. सीतावयनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी गोधडी उचलली, घडी घातली आणि बॅगेत तळाला ठेवली. वर त्यांचं सगळं, त्याच्यावर माझं. काट्यावर जास्त भरली. मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, विमानतळावर एखाद-दुसरा किलो सोडतात.

मुंबईच्या विमानतळावर नाही सोडले. काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं, सहा किलो जास्त आहे, कमी करा नाहीतर पैसे भरा. पैसे माझ्या पर्समध्ये होते. भरू म्हटलं तर मनीषा ऐकेना. "तुमीच शिकवलंत ना, पहिल्याच दिवशी पैसे उधळायचे नाहीत?" तिने बॅग बाजूला ओढली आणि जमिनीवर उघडली. मला विचारलं, "काय काढू बाई?"

विचारताना तिचा एक हात माझ्या कुकरवर होता आणि दुसरा खाली, गोधडीचा कोपरा दाबून. तिला ते कळलंही नसेल. माझं सगळं शहाणपण मला सांगत होतं की गोधडी काढ. मी म्हटलं, "कुकर काढ. तिकडे मिळतो." तिने कुकर काढला. मग मीच खाली बसले आणि चादरी काढल्या, छत्री काढली, मेथी काढली. बरोबर वीस भरले. ती माझ्या पाया पडली, मिठी मारली. आत जाताना दोनदा मागे वळून हात हलवला. मी काढलेल्या सामानाची पिशवी सांभाळत उभी राहिले.

वैशाखऱ्याला पोचायला दुसरा दिवस उजाडला. सीतावयनी दारातच होत्या. "गेली?" 

"गेली."

"गोधडी न्हेली ना?"

"नेली. तुमचं सगळं नेलं."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, आत बघितलं. कुकर, चादरी, छत्री. मग पिशवी खाली ठेवून तिथेच उंबऱ्यावर बसल्या. "ह्या काय केलास गो? माझा काढाचा व्हता. तिला कुकर लागंल. तुजी पोर हाय, तू घेतलेला नको का तिला?"

"वयनी," मी म्हटलं, "ती तुमची पोर आहे."

इतक्या वर्षांत हे मी मनात कितीदा म्हटलं असेल, तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं आणि मला रडू फुटलं. सीतावयनींनी मला जवळ ओढलं नाही की गप्प हो म्हटलं नाही. त्या सरकल्या, आणि उंबऱ्यावर माझ्यापुरती जागा करून दिली.